भाजीला तोंडी लावायला भाकरी

पत्र :

मावशी, आम्ही खानापूरचे. ह्यांचं बेळगावात दुकान आहे, रात्री साडेआठच्या पुढे घरी येतात. मे महिन्यात रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ७.६ टक्के निघाली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रात्रीचा भात-भाकरी कमी करा म्हणून सांगितलं. मी मोबाइलवर बघून काकडी-टोमॅटोचं सॅलड केलं, फ्लॉवरचा पिझ्झा केला. दोन दिवस खाल्लं. तिसऱ्या रात्री 'पोट भरलं, खरं जेवल्यासारखं वाटंना' म्हणाले आणि अकरा वाजता उठून चिरमुरे-फरसाण खाऊन झोपले. सासूबाई म्हणतात, भात नाही ते जेवण कसलं. मला शाळेतून घरी यायला सहा वाजतात, दोन-दोन स्वयंपाक होत नाहीत. गरम, आपल्या चवीचं, पटकन होणारं आणि साखर न वाढवणारं काही रात्रीचं सांगाल का?

ता. क. : पाहुणे येताना कुंदा घेऊनच येतात. त्याचं काय करू?

– एक वाचक, खानापूर

उत्तर :

पोरी,

'पोट भरलं, खरं जेवल्यासारखं वाटंना.' तुझ्या पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं. जावईबापूंनी दुखणं नेमकं सांगितलंय. डॉक्टर म्हणाले भात-भाकरी कमी करा, आणि तू घाबरून सगळं जेवणच ताटातून उचललंस. फोडणीचा वास गेला, रश्श्याची वाफ गेली, बोटांनी कालवून खायचा घास गेला. त्या जागी आली गार काकडी. तीही जुलैत, खानापूरच्या पावसात, दिवसभर दुकानात उभं राहून ओल्या छत्रीनं घरी आलेल्या माणसापुढं. अकरा वाजता चिरमुऱ्याचा डबा उघडला, यात त्यांचा दोष नाही, आणि तुझाही नाही.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शेतकऱ्याची मुलगी आहे. बासमतीच्या वासात वाढले. सुगी झाली, नवा भात भरडून घरी आला की पहिल्या दिवशी आई आमटीसुद्धा करायची नाही. नुसता भात, वर तूप, कडेला मीठ. त्यामुळं 'भात सोडा' हे मला सहज म्हणवत नाही. पण माझ्या सासऱ्यांना साखर निघाली तेव्हा मी काय केलं ते ऐक. भात बंद केला आणि ज्वारीच्या भाकरी सुरू केल्या. भाकरी साखरेला चांगली, असं सगळेच सांगत होते. मामंजी दोन भाकरी खायचे ते तीन खायला लागले, कारण भात नव्हता ना. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, साखर होती तिथंच. मला रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा कुणीतरी हिशेब सांगितला, तो तुला आज सांगते. धान्यातली कर्बोदकं, म्हणजे पचल्यावर ज्याची रक्तात साखर होते तो भाग. १०० ग्रॅम तांदळात ती साधारण ७८ ग्रॅम. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० च्या आसपास. नाचणीही तिथंच. ज्वारीत चोथा जास्त, ती जरा सावकाश पचते, पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा बरी, हे खरं. पण आपल्या हाताच्या एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एका भाकरीत ४० ग्रॅमच्या घरात कर्बोदकं. शिजलेल्या भाताच्या एका मोठ्या वाटीतही तेवढीच. आता तूच बेरीज कर. दोन भाकरी आणि वर वाटीभर भात, झाले १२० ग्रॅम. दिवसभरात १३० ग्रॅमच्या आत राहिलं तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. आपल्याकडं तेवढं एका रात्रीच्या जेवणातच होतं. सकाळचे पोहे, दुपारची पोळी, दोन वेळचा साखरेचा चहा अजून धरलाच नाही.

हे आपल्या एका घराचं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीत आपल्या जेवणातली सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असं दिसलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली ज्या आहाराच्या सूचना दिल्या त्यात धान्यातून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको, असं सांगितलंय. तेव्हा ताटात धान्य कमी आणि बाकीचं जास्त, हे काही फक्त आजारी माणसाचं पथ्य नव्हे.

आता माझं म्हणणं. आपण पिढ्यानपिढ्या भाकरीला तोंडी लावायला कोरड्यास, म्हणजे भाजी-कालवण, करत आलो. घरात माणसं जास्त, भाजी महाग, शेतातलं कष्टाचं काम, तेव्हा ते बरोबर होतं. तू रात्रीपुरतं हे उलटं कर. कोरड्यास पोटभर, आणि त्याला तोंडी लावायला अर्धी भाकरी. भाजीची वाटी बाजूला ठेव, जावईबापूंना खोलगट थाळीभर भाजी वाढ. भाकरी चतकोर किंवा अर्धी. चव तीच, चटणी तीच, तूप तेच, जेवल्याचं समाधानही तेच, कारण ते समाधान भातात जेवढं असतं त्याहून जास्त फोडणीत आणि गरम रश्श्यात असतं. आणि सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक होतो. तुम्ही बाकीचे त्याच भाजीबरोबर हवा तेवढा भात खा.

चूल पेटवायच्या आधी एक काम मात्र कर. जावईबापू कुठली गोळी घेतात ते बघ आणि रात्रीचं धान्य निम्म्यावर आणतोय हे डॉक्टरांना फोन करून सांग. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवणातली कर्बोदकं एकदम कमी झाली तर साखर खाली जाते. डोस कमी करावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच करायचा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या असतील तर धान्य पूर्ण बंद करायचं नाही, त्यातून रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो. घाम फुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली तर आधी यंत्रावर साखर बघ. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. यंत्र हाताशी नसेल तर साखरपाणी आधी. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर अंडी-मांस-डाळ किती खायची हेही विचारून घे. एवढं झालं की मग निर्धास्त स्वयंपाकाला लाग.

सुरुवात वांग्यापासून कर. भरलं वांगं. आपल्या कन्नड शेजारणी एण्णेगाई म्हणतात ते. जावईबापूंना यात काही बदलल्यासारखं वाटणारच नाही, म्हणून पहिली रात्र याचीच.

रविवारी सवडीनं कूट करून ठेवायचं. एक वाटी शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं पाखडून काढायची. मग दोन मोठे चमचे कारळे, ते तडतडायला लागले की लगेच उतरायचे, जळले तर कडू होतात. दोन चमचे तीळ. अर्धी वाटी सुकं खोबरं किसून तांबूस. सगळं गार झाल्यावर जाडसर कुटायचं. मिक्सरला लावलंस तर थांबत-थांबत फिरव, एकदम फिरवलंस तर शेंगदाण्याला तेल सुटून गोळा होतो. यात कांदा-लसूण घालायचं नाही, ते आयत्या वेळी. डबा कोरडा असला तर आठवडाभर काही होत नाही.

संध्याकाळी पाऊण किलो छोटी काटेरी वांगी, देठ ठेवून चार चिरा. वेगवेगळ्या वाट्या मांडायच्या नाहीत, एकाच परातीत कूट, आपली लाल कांदा-लसूण चटणी, ठेचलेला लसूण, चिंचेचा कोळ, मीठ, मूठभर कोथिंबीर कालवायची. गूळ घालतेस ना? बंद करू नको, सगळ्या भांड्यात मिळून सुपारीएवढा घाल. तेवढ्यानं साखर वाढत नाही, पण चिंचेचा तोल सांभाळला जातो. वांगी भरून, उरलेलं कूट वर, कढईत शेंगतेलाची फोडणी, झाकणावर पाणी ठेवून वीस मिनिटं. घाई असेल तर कुकरला एक शिट्टी. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल आणि पाव हिस्सा प्रथिनं असतात, म्हणून हे खाल्लं की अकरा वाजता भूक लागत नाही. चार वांगी, भरपूर रस्सा, अर्धी भाकरी, कच्चा कांदा. खाऊन बघ म्हणावं.

दुसरी गोष्ट फ्लॉवरच्या भाताची. पिझ्झा करून तू फ्लॉवरवर उगाच अन्याय केलास. फ्लॉवरच्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं पाच ग्रॅमच्या आसपास असतात आणि तो आमटी-कढी भातासारखी पिऊन घेतो. पण जमवायला लागतो. मी पहिल्यांदा केला तेव्हा लगदा झाला होता. का झाला ते नंतर कळलं. दोन चुका होत्या, धुतलेला फ्लॉवर ओला किसला आणि वर झाकण ठेवलं.

आता बघ. फ्लॉवर सकाळीच, शाळेला जायच्या आधी, मोठे तुरे काढून मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेव. पावसाळ्यात किडे असतातच. मग फडक्यावर पसरून टाक, संध्याकाळपर्यंत खडखडीत कोरडा होतो. किसणीच्या मोठ्या भोकांवर किसायचा, दाणा बासमतीच्या कणीएवढा दिसला पाहिजे. देठही किसायचे, टाकायचे नाहीत. किस जुन्या सुती पंचात घेऊन पीळ. चांगलं पाणी निघतं. ते पाणी त्याच रात्रीच्या आमटीत घाल. लोखंडी कढई चांगली तापव, चमचाभर तूप, जिरं, एक हिरवी मिरची, कढीपत्ता, आणि किस टाकून मोठ्या आचेवर परत. झाकण अजिबात नाही. मीठ सगळ्यात शेवटी, आधी घातलंस तर पाणी सुटतं. पाच-सहा मिनिटांत कच्चा वास जातो आणि दाणे सुटे होतात. तेव्हाच उतर, आणखी एक मिनिट थांबलीस तर मऊ पडतो.

आणि पहिल्या दिवशी नुसता फ्लॉवर वाढू नको. घरातला शिजलेला भात असेलच. दोन मुठी फ्लॉवर, एक मूठ भात, एकत्र परतून त्यांच्या ताटात. वर लसणाची फोडणी दिलेली तुरीची आमटी. दोन आठवड्यांनी भात अर्धी मूठ कर. हे त्यांच्यापासून लपवून करायचं नाही हं. फसवून वाढलेलं अन्न माणसाच्या लक्षात येतं आणि मग विश्वास जातो. 'आज निम्मा फ्लॉवर आहे, कसा लागतोय बघा' म्हणून वाढ. ताकाच्या कढीबरोबर तर हा भातापेक्षा चांगला लागतो, असं माझं मत आहे. कढीला बेसन एकच चमचा लाव.

ज्या दिवशी शाळेत मिटिंग असेल आणि तुला यायला सात वाजतील, त्या दिवशी कोबी-अंडं. तुम्ही अंडी खाता की नाही ते तू लिहिलं नाहीस, पण खात असाल तर याच्यासारखं सोपं काही नाही. कोबी केसासारखा बारीक चिरायचा, कांदा, खर्डा, हळद, मीठ, आणि माणशी दोन अंडी. तव्यावर जाड पसरून कडेनं तेल सोडायचं, खालून तांबूस झाला की उलटायचा. भाकरीएवढा गोल होतो, हातात तुकडा मोडून रश्श्यात बुडवता येतो. हे महत्त्वाचं आहे. आपल्याला बुडवून खायला काहीतरी लागतं, चमच्यानं खाल्लं की जेवल्यासारखं वाटत नाही. तो तुकडा मोडायचा हात भाकरीशिवाय रिकामा राहतो, त्याला हे द्यायचं. दोन अंड्यांत बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि कर्बोदकं कोबीची काय ती थोडी. बरोबर आदल्या दिवशीच्या मसुराच्या आमटीची वाटी असली की झालं जेवण.

गोव्याकडून बांगडा येतोच आपल्याकडं. रव्यात घोळवून तळायचा मोह आवर, रवा म्हणजे शेवटी गहूच. चटणी, हळद, मीठ, आमसुलाचं पाणी लावून अर्धा तास ठेव आणि तव्यावर थोड्या तेलात भाज. नाहीतर ओलं खोबरं वाटून तिरफळ घालून कालवण. बांगड्यात कर्बोदकं नसतातच, आणि त्याचं तेल काळजाला चांगलं. बुधवारी-शुक्रवारी दोनच बांगडे आणि लाल माठाची परतलेली भाजी, पंधरा मिनिटांचं काम.

रविवारच्या मटणाबद्दल एवढंच सांगते, मटणात कर्बोदकं नाहीत, धोका त्याच्याबरोबरच्या चार भाकरींत आणि मागून येणाऱ्या भातात आहे. पांढरा रस्सा वाटीवाटीनं पिऊ दे आधी. गरम रस्सा पोटात गेला, मग सुक्कं, मग भाजी, आणि भाकरी सगळ्यात शेवटी. हा क्रम रोजच पाळ. भाजी आणि प्रथिनं आधी, धान्य शेवटी खाल्लं की जेवणानंतरची साखर कमी चढते. यात पैसे जात नाहीत, वेळ जात नाही, नुसतं वाढायचा क्रम बदलायचा. तुझ्या सगळ्या बदलांमध्ये हा सर्वांत सोपा आहे.

पिठल्याबद्दल विचारशील म्हणून लिहिते. बेसन म्हणजे हरभरा डाळ, त्यातही कर्बोदकं आहेत, पण प्रथिनं आणि चोथाही आहे. माणशी दोन मोठे चमचे बेसन, भरपूर लसूण, मूठभर मेथी किंवा शेवग्याचा पाला घालून पातळ केलंस तर पंधरा ग्रॅमच्या आत भागतं. धो-धो पावसात, वीज गेलेली असताना, मेणबत्तीच्या उजेडात वाफाळतं पिठलं वाटीत घेऊन बसायचं, कडेला खर्डा. हुलग्याची पिठीही तशीच. फक्त पातळ ठेव. घट्ट झालं की भाकरी मागायला लागतात.

श्रावण आला की तुमच्याकडं सोमवार-शनिवार धरत असतील. उपासाला साबुदाणा साखरेला वाईट, भातापेक्षा कमी नाही. वरीतही कर्बोदकं भरपूर. रताळीही गोडच, आपल्या भागात चांगली पिकतात म्हणून मन जातं, पण रात्री नकोत. वरीशिवाय नुसती शेंगदाण्याची आमटी कर, जिऱ्या-मिरचीची, आमसूल घालून. बरोबर काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर आणि घट्ट दही. आणि गोळी चालू असताना दिवसभर कडक उपास करू देऊ नको, हेही डॉक्टरांना विचारून घे.

आता त्या अकराच्या चिरमुऱ्यांकडं येते. चिरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळच, हलका लागतो म्हणून माणूस पातेलंभर खातो. पण मुळात अकराची भूक संध्याकाळी सहाला तयार होते. दुपारी एकला जेवलेला माणूस साडेआठला घरी येतो, मधे काय खातो? चहा, खारी, टोस्ट, कुणी आणलेली भजी. घरी येईपर्यंत भुकेनं जीव कासावीस, मग ताटावर ताबा राहत नाही. दुकानात एका डब्यात मिठात उकडलेल्या शेंगा दे. दोन मुठी, सहा वाजता, बिनसाखरेच्या चहाबरोबर. नाहीतर भाजलेले फुटाणे एक मूठ. घरातला चिरमुऱ्याचा डबा फेकू नको, मुलांना लागतो, फक्त तो उंच फळीवर जाऊ दे. हाताशी जे असतं तेच रात्री खाल्लं जातं.

सासूबाईंचा भात काढू नको. त्यांना साखर नाही, असं मी तुझ्या पत्रावरून धरून चालते. सत्तरीच्या माणसाचं जेवण कमी करून वजन उतरवायचं काही कारण नाही, आणि वाढत्या मुलांनाही हे पथ्य लावायचं नसतं. कुकरमध्ये डाळीवर एक वाटी तांदूळ लागतातच, त्यात त्यांचं भागेल. उलट त्यांनाच कामाला लाव. कारळं भाजायला त्यांचा हात तुझ्यापेक्षा बसलेला असणार. शेपू, चाकवत, अंबाडी यांच्या जुन्या भाज्या त्यांना येतात, ताकातला चाकवत त्यांच्या पद्धतीनं करायला सांग, फक्त पीठ कमी लावायला सांग. आपल्या हातचं लेक पोटभर खातोय म्हटल्यावर भात कमी झाला याचं दुःख त्यांना तेवढं होणार नाही. माझ्या सासूबाईंनीच पुढं मामंजींची अर्धी भाकरी मोजून वाढायला घेतली, मला बोलावंसुद्धा लागलं नाही.

तेलाचं सांगायचं राहिलं. भाकरी कमी केली म्हणून तळण वाढवायचं नाही. वांगं, कोबी, फ्लॉवर सगळं तेल पितं. माणशी एका वेळी दोन छोटे चमचे पुरतात. घाण्याचं शेंगतेल वापरतेस तर तेच चालू दे. पापड-लोणच्याचं मीठही बघ, त्यांना रक्तदाब असेल तर.

आणि यंत्र विकत घे, साखर बघायचं. रोज बोट टोचायची गरज नाही. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन रात्री, पहिला घास घेतल्यापासून बरोबर दोन तासांनी बघायचं. एक रात्र दोन भाकरी-भाताची, एक रात्र वांगी आणि अर्ध्या भाकरीची. दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहायचे, जावईबापूंनी स्वतःच्या हातानं. दुकानदार माणूस आहे, आकडा त्याला माझ्या पानभर लिहिण्यापेक्षा लवकर पटेल. मामंजींना तसाच पटला. २१० आणि १५५ असे दोन आकडे होते, त्या वहीचं पान मी अजून ठेवलंय.

कुंद्याचं. बेळगावच्या भागात राहून कुंद्याला नाही म्हणायचं, हे काही मी तुला सांगणार नाही. पण कुंदा म्हणजे आटवलेलं दूध आणि साखर, हे लक्षात ठेव. पाहुणे देतील तो खोका आल्याआल्या उघड, सगळ्यांना वाट, शेजारी दे, उद्यासाठी फ्रिजमध्ये ठेवू नको. जावईबापूंना पोटभर जेवण झाल्यावर एक चमचा, त्या रात्री भाकरी चतकोरच. रिकाम्या पोटी, चहाबरोबर अजिबात नाही. आणि पुढच्या वेळी कुणी फोन करून 'काय आणू?' विचारलं, तर शाळेतल्या बाईंच्या आवाजात सांग, 'येताना बाजारातून चांगली काटेरी वांगी आणा.'

तुझी,
मावशी